ठिपक्यांवरून बेडूक ओळखताय? या चुका टाळा

तळं, ओढा, भाताचं खाचर, नाहीतर रस्त्याकडेचं डबकं. फक्त डोळे वर काढून एक करडा-तपकिरी, ठिपकेवाला बेडूक तरंगत असतो. जवळ गेलात की बुडी मारण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच टणाटण उड्या मारत पसार होतो. हा स्किटरिंग फ्रॉग, शास्त्रीय नाव युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस. हिंदुस्थानातले बेडूक पाण्यावरून सहा-सात गज पळतात, अशी नोंद खुद्द बाबराने करून ठेवली आहे. तो बहुधा याच्याचबद्दल बोलत असावा.

इतका सर्रास दिसणारा बेडूक, तरी ओळखताना घोळ होतोच. कारण बहुतेकजण ठिपके बघतात. ठिपके बुलफ्रॉग या मोठ्या बेडकाच्या पिल्लालाही असतात आणि खाचरातल्या चिमुकल्या क्रिकेट फ्रॉगलाही. शिवाय याचा रंग कधी मातकट, कधी शेवाळी. रंगावर विसंबलात की फसलात.

त्यापेक्षा पाठ नीट बघा. बुलफ्रॉगच्या पाठीवर उभ्या, उठून दिसणाऱ्या लांब वळ्या असतात, क्रिकेट फ्रॉगच्या पाठीवर त्याच तुटक तुटक. स्किटरिंग फ्रॉगच्या पाठीवर नुसत्या बारीक पुटकुळ्या, वळी एकही नाही. हा फरक कळला की अर्धं काम झालं. मग डोळे: डोक्याच्या पार वर आणि एकमेकांच्या जवळ. मागच्या पायांच्या बोटांमधला पडदा जवळजवळ टोकापर्यंत. क्रिकेट फ्रॉगचा पडदा खूपच अपुरा असतो. पाय पसरून तरंगत असेल तर मांडीच्या मागच्या बाजूला फिकट पट्टाही दिसू शकतो.

आकारावरूनही घाई नको. पाचेक सेंटिमीटरचा हा बेडूक पूर्ण वाढलेला असतो, तेवढाच बुलफ्रॉग मात्र अजून पोरगा असतो. पावसाळ्यात पिवळाधमक होऊन, निळ्या स्वरपिशव्या फुगवून ओरडणारा नर बुलफ्रॉगचा. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून ज्याची चोरटी शिकार होते तोही बुलफ्रॉगच, हा नव्हे.

‘बेडूक म्हणजे पावसाळा’ हाही गैरसमज. जिथे पाणी टिकतं तिथे हा भर उन्हाळ्यातही दिसतो, दिवसाउजेडी दिसतो आणि पावसाची वाट न बघता ओरडतोही. आणि उड्या न मारता सरळ बुडाला म्हणून तो दुसराच कुणी, असंही समजू नका. मनात आलं तर बुडीही मारतो.

हातात धरायची हौस आवरा. बेडकाची त्वचा पाणी आणि हवा दोन्ही आत घेते, त्यामुळे तुमच्या हाताचं सनस्क्रीन किंवा डासांचं मलम थेट त्याच्या अंगात जातं. वरून काढलेला एकच फोटो पुरत नाही. बाजूचा, पाठीचा आणि जमल्यास मागच्या पायाचा घ्या, आवाज मोबाइलवर टिपा, ठिकाण लिहा.

ठिकाण का, तर 2009 मध्ये नैर्ऋत्य भारतातून, कर्नाटकातल्या मंगळूर आणि मुडिगेरे भागातून, याच गटातल्या दोन नव्या प्रजातींचं वर्णन झालं. त्या वेगळ्या ठरवताना जनुकीय तपासणीचाही आधार घ्यावा लागला. म्हणून तळकोकणात किंवा गोव्यात नुसत्या फोटोवरून नोंद करत असाल, तर ‘युफ्लिक्टिस’ एवढं गटाचं नावच लिहून थांबा.