हिपॅटायटिस बी-सीच्या रुग्णांनी एएफपी आणि इतर ट्यूमर मार्करचे रिपोर्ट कसे वाचावेत

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून यकृताच्या तपासणीसाठी सांगली-मिरजेला येणाऱ्या रुग्णाच्या फायलीत एएफपीचा (अल्फा-फीटोप्रोटीन) एखादा रिपोर्ट बहुधा असतो. हा यकृताच्या कर्करोगाची चाहूल घेण्यासाठी रक्तात तपासला जाणारा ट्यूमर मार्कर, म्हणजे गाठीची खूण आहे. पण आधीचा आकडा किती होता आणि तो कोणत्या लॅबचा होता, याची नोंद नसल्याने त्या रिपोर्टचा निम्मा उपयोग वाया जातो.

ही तपासणी कोणी करावी, हे आधी ठरवावे. सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणे) झालेल्या प्रत्येकाने ती दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीसोबत करावी. हिपॅटायटिस बीचा विषाणू आपला डीएनए यकृतपेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही चाळिशी ओलांडलेले पुरुष, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया आणि घरात कोणाला यकृताचा कर्करोग झालेला असेल असे रुग्ण यांनीही ती टाळू नये. हिपॅटायटिस सी गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. मात्र त्याआधी झालेला सिरॉसिस बहुधा मागे राहतो, आणि ‘विषाणू गेला’ म्हणून तपासणी थांबवणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी समजूत आहे.

एएफपी हे मुळात गर्भाच्या यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. प्रौढ माणसाच्या रक्तात ते अत्यल्प असते आणि दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर गेल्यास पुढील तपासणी करतात. रिपोर्टवर एकक जरूर पाहावे, कारण काही लॅब आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये आकडा देतात आणि असे एक युनिट सुमारे 1.2 नॅनोग्रॅमइतके असते. म्हणजे एका लॅबचे 10 आणि दुसऱ्या लॅबचे 12 हे एकच असू शकते. म्हणून शक्यतो लॅब बदलू नये. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील, तर रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो.

वहीच्या एका पानावर तारीख, एएफपी, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम), प्लेटलेट आणि सोनोग्राफीचा निष्कर्ष असे रकाने आखावेत. एसजीपीटीचा रकाना वगळू नये: हिपॅटायटिस भडकला की एएफपीही वाढते आणि औषधाने विषाणू दबला की खाली येते. एसजीपीटी चढलेले असताना आलेला आणि उपचारांनंतर उतरलेला 24 हा आकडा तितका चिंतेचा नसतो, पण एसजीपीटी नॉर्मल असताना 6, मग 9, मग 17 असे चढत गेलेले आकडे, तिन्ही मर्यादेच्या आत असूनही, डॉक्टरांना आवर्जून दाखवावेत असे असतात. उलट, अनेक लहान गाठी एएफपी तयारच करत नाहीत. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट हाती आहे म्हणून सोनोग्राफी चुकवू नये.

एएफपी-एल3 (एएफपीचाच एक प्रकार) आणि पिव्हका-टू (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे सदोष रूप) हे दोन मार्कर डॉक्टरांनी सांगितल्यासच करावेत. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांत किंवा ‘के’ जीवनसत्त्वाची कमतरता असणाऱ्यांत पिव्हका-टू कर्करोगाविना वाढते. हे दोन्ही, एएफपी, वय आणि लिंग मिळून यकृताच्या कर्करोगाची शक्यता सांगणारा ‘गॅलाड’ हा गुणांक काढतात.

आता पेशींविषयी. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी पकडण्याच्या चाचण्या आहेत. पण साडेसात मिलिलिटर रक्तातल्या कोट्यवधी पेशींत त्या मोजक्याच सापडतात. त्या ओळखण्याची रूढ खूण म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील एपकॅम हे प्रथिन, आणि यकृताच्या अनेक कर्कपेशींवर ते नसतेच. म्हणून संशोधक ग्लिपिकॅन-3 सारख्या खुणांचाही आधार घेतात. पांढऱ्या पेशींच्या डीएनएवरील रासायनिक बदलांतून कर्करोग आधीच ओळखता येईल का, याचाही अभ्यास चालू आहे. यांपैकी कोणतीही चाचणी आज सहामाही सोनोग्राफीची जागा घेत नाही; ‘एका रक्तात कर्करोग कळतो’ अशा महागड्या पॅकेजवर पैसे घालण्याआधी तेच पैसे सोनोग्राफीसाठी राखून ठेवावेत.

सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी जावे. एएफपीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते, त्यामुळे दोन्ही एकाच सकाळी उरकता येतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ दिसल्यास साधारण तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. गाठ त्याहून मोठी असेल किंवा एएफपी 20 च्या वर असेल, तर ट्रायफेजिक सीटी (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) किंवा एमआरआय लागतो. सिरॉसिसच्या रुग्णात त्यावरूनच पुष्कळदा निदान होते, सुई घालून तुकडा काढावा लागत नाही. सीटीला जाताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, वहीचे ते पान आणि आधीच्या स्कॅनच्या सीडी सोबत न्याव्यात.