आधी ‘केव्हा’ विचारा, ‘का’ नंतर

एम.ए.ला अपसामान्य मानसशास्त्राच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या अभ्यासाच्या पेपरात मला उत्तम गुण होते. जनुकं, मेंदूतली रसायनं, बालपण, ताण, सगळी कारणं तोंडपाठ. तरी वॉर्डातली माझी पहिलीच केस हिस्टरी चुकली आणि त्या चुकीचा घाव एका आईला बसला. अजून टोचतं ते.

एकवीस वर्षांचा मुलगा, निदान स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा गंभीर मानसिक आजार. आई त्याला भरवायची, त्याच्याआधी उत्तरं द्यायची, नजरेआड होऊ द्यायची नाही. कारणांच्या रकान्यात मी लिहिलं, ‘आईची अतिकाळजी’. तिच्याशी बोलताना ते तोंडातूनही निघून गेलं. ती म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळंच झालं का ओ, मॅडम?”

सुपरव्हायझर बाईंनी कागद परत केला. एवढंच विचारलं, “काळजी आधी की आजार आधी?”

मी पुन्हा जाऊन बसले, दोन तास. ‘बारावी नापास झाला आणि बिघडला,’ असं घरचे सांगत होते. गणपती, दिवाळी, चुलतबहिणीचं लग्न असे धागे धरत मागे गेलो, तेव्हा कळलं की निकालाच्या वर्षभर आधीच त्याची झोप उडाली होती, मित्र सुटले होते, आंघोळ टाळणं सुरू झालं होतं. आजार आधीच शिरला होता, म्हणून तो नापास झाला. आईचं भरवणं तर त्याही नंतरचं.

इथेच सगळे फसतात, म्हणून जरा लांबण लावते. आधीपासूनची प्रवणता, म्हणजे आजाराकडे असलेला कल वेगळा, निमित्त वेगळं आणि आजार टिकवून ठेवणारी परिस्थिती वेगळी. आपण तिन्हींना सरसकट ‘कारण’ म्हणतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण निम्मं किंवा त्याहूनही कमी. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा, पण सगळा नव्हे. घरातली सततची टीका, वैरभाव आणि भावनिक अतिगुंतवणूक यांमुळे आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांच्या कामातून पुढे आलं. पण उलटणं म्हणजे मुळात होणं नव्हे! १९४८मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ ही कल्पना मांडली. ती पुराव्यावर टिकली नाही, पण तोवर कितीतरी आया अपराधीपणात जळल्या. मीही तेच केलं होतं.

हा विषय शिकत असाल, तर ‘आजार–कारण–उपचार’ असे तयार तक्ते विकत घेऊ नका. परीक्षेत तरून जाल, पण पेशंटसमोर ते तुम्हाला आंधळं करतात. पाच मिनिटांत निदान सांगणाऱ्या सरांवर मुलं भाळतात. मला विचाराल तर परत पाठवणारा मार्गदर्शक धरा. आणि उदासी दिसली की लगेच बालपण उकरू नका. थायरॉईड तपासलंय का, ते आधी बघा; उदासी त्यातूनही येते.

धडा वाचताना प्रत्येक लक्षण स्वतःत दिसू लागलं तर घाबरू नका, ते बहुतेकांचं होतं. मात्र झोप, जेवण, कामधंदा बिघडून दोन आठवडे झाले असतील, तर पुस्तक मिटा आणि डॉक्टरांकडे जा. घरच्या माणसांवर निदानं चिकटवू नका. अजिबात नाही.

त्या आईला मी सांगितलं, “तुमच्यामुळं नाही झालं.” तिनं तीनदा विचारलं, “नक्की ना?” मी तीनदा सांगितलं. मग म्हटलं, “आता घास त्याच्या हातानं घेऊ द्या.” त्या दुपारी ती डबा उघडून ताट त्याच्यापुढे सरकवून बसली, हात पदरात घट्ट धरून.