माहुरझरीच्या घोड्याचा दागिना: स्कॅन, सागवान आणि तांबट

नागपूरजवळच्या माहुरझरीला शिळावर्तुळांच्या (प्राचीन दफनांभोवतीच्या दगडी वर्तुळांच्या) उत्खननात घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने निघाले. अशा पातळ पत्र्याच्या वस्तूची प्रतिकृती करताना मशीन साच्यापुरतंच ठेवावं. पत्रा तांबटानेच घडवावा.

आधी संग्रहालयाची लेखी परवानगी घ्या. काचेतून फोटो काढू नका, आकार फसतो. फ्लॅश बंद, तीन उंचींवरून ८०–१०० फोटो, शेजारच्या दोन फोटोंत ७० टक्के भाग सामाईक. मोजपट्टी वस्तूच्याच पातळीला ठेवा. या फोटोंवरून संगणकात वस्तूचं त्रिमितीय मॉडेल, म्हणजे स्कॅन, तयार होतं. हिरवा गंज चकाकत नाही ही सोयच, पण तो फुगलेला असतो. म्हणून स्कॅनमधली जाडी खरी धरू नका. गंजाचे फोड मॉडेलमधून काढा, हातोडीच्या खुणा राहू द्या.

पत्रा ०.५ मिमीचा. स्कॅन बाहेरच्या बाजूचा असतो, त्यामुळे साच्याचा पृष्ठभाग तेवढाच आत घ्या. नाहीतर वस्तू मोठी येते. साचा वाळलेल्या सागवानात सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) कोरा, शेवटचा हात ३ मिमीच्या गोल टोकाच्या बिटने (यंत्राच्या कापणाऱ्या टोकाने). पीएलए या प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट माप पडताळायला ठीक. ठोकला तर थरांतून फुटतो. मे महिन्यात तो बंद गाडीत विसरू नका, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो.

पत्रा चारी बाजूंनी १५ मिमी जास्त कापा. पत्रा मऊ पडावा म्हणून ताव (आच) अंधाऱ्या कोपऱ्यात द्या, उन्हात लाली कळत नाही. मंद लाल झाला की पाण्यात. जास्त तापवलात तर तांब्याचे कण मोठे होतात आणि ठोकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. पाण्यातून काढल्यावर पत्रा चिंच-मिठाने घासा.

लाकडी मोगरीने उंचवट्यापासून कडेकडे उतरत या. कडेला सुरकुती धरली की लगेच बसवा. दुमडली तर तिथेच चीर जाते. ठोक्याचा आवाज चढू लागला म्हणजे पत्रा कडक झाला, पुन्हा ताव द्या. इथे घाई केली की पत्रा फुकट.

बारीक रेघा उठवताना पत्र्याखाली राळेचा बिछाना करा: राळ आणि विटेची भुकटी समान वजनाने, वर थोडं गोडेतेल. नागपूरच्या उन्हाळ्यात तेल कमी, थंडीत जरा जास्त. कडा कातरीने कापून कानशीने घासा; लेझरची सरळसोट कड लगेच ओळखू येते. शेवटी मागच्या बाजूला कोरणीने ‘प्रतिकृती’ आणि साल कोरा.