रस्त्याच्या भूसंपादनासाठी सल्लागाराच्या करारनाम्यात दुरुस्ती करताना या चुका टाळा

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे १९९८ मध्ये एका महानगरपालिकेत आली, तेव्हापासून विकास योजनेतील रस्ते हा इथला कायमचा विषय आहे. अशा रस्त्यासाठी महापालिका अभियांत्रिकी सल्लागार नेमते आणि त्याच्या करारनाम्यात सर्वेक्षण, संकल्पचित्रे, अंदाजपत्रक, निविदेची कागदपत्रे व कामावरील देखरेख एवढीच कामे असतात. जागा ताब्यात आहे असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष आखणी जमिनीवर उतरते तेव्हा मधला तीन-चारशे मीटरचा भाग खाजगी मालकीचा निघतो, आणि मग भूसंपादनाची तयारीही त्याच सल्लागाराकडून करून घ्यावी असे ठरते. नकाशे त्याच्याकडे असतात, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर) त्याला पाठ असते, म्हणून हा निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. चूक होते ती त्यासाठी केलेल्या तीन-चार पानी पुरवणी करारनाम्यात. घाईत लिहिलेल्या त्या पानांचा त्रास पुढे लेखापरीक्षणात, न्यायालयात आणि सर्वांत जास्त जमीनधारकांना होतो. असे काही पुरवणी करारनामे मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांत पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या चुका, त्या झाल्याच असतील तर करायच्या उपायांसह, पुढे मांडत आहे.

“भूसंपादनविषयक सर्व कामे” एवढेच लिहिणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. या तीन शब्दांचा अर्थ सल्लागार एक लावतो, नगररचना विभाग दुसरा लावतो आणि लेखापरीक्षक तिसराच. त्याहून गंभीर बाब अशी की भूसंपादनातील बरीच कामे कायद्याने सल्लागाराला करताच येत नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ नुसार विकास योजनेतील आरक्षित जमीन तीन मार्गांनी मिळवता येते: मालकाशी करार करून ठरलेली रक्कम देऊन, रकमेऐवजी चटईक्षेत्र निर्देशांक (जागेवर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन, अथवा राज्य शासनाकडे अर्ज करून भूसंपादन अधिनियम, २०१३ नुसार संपादन करवून. तिसऱ्या मार्गात अधिसूचना, हरकतींची सुनावणी, घोषणा आणि निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) ही कामे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या भूसंपादन अधिकाऱ्याची आहेत. संयुक्त मोजणी भूमि अभिलेख खात्याची आहे. बांधकामांच्या मूल्यांकनासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि फळझाडांसाठी कृषी विभागाकडे जावे लागते. टीडीआर देण्याचा निर्णय आयुक्तांच्या अधिकारातील आहे.

मग सल्लागाराने करायचे काय, हे मुद्देसूद लिहावे लागते. प्रत्येक गट नंबर व सिटी सर्व्हे नंबरचे सातबारा, मिळकत पत्रिका आणि जुने फेरफार गोळा करणे, रस्त्याची आखणी गाव नकाशावर व सिटी सर्व्हेच्या नकाशावर बसवून बाधित क्षेत्राचे विवरण तयार करणे, मोजणीचा अर्ज तयार करणे, मोजणीच्या दिवशी जागेवर चुन्याने आखणी करून हजर राहणे, बांधकामे, विहिरी, बोअर, झाडे व जलवाहिन्यांची छायाचित्रांसह नोंद करणे, आणि कलम १२६ चा प्रस्ताव त्रुटी निघणार नाहीत अशा स्थितीत सादर करणे, ही त्याची कामे. “संपादन पूर्ण करून देणे” हे वाक्य करारात कधीही असू नये, कारण जे सल्लागाराच्या हातात नाही त्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली तर काम अडते तेव्हा तो हात वर करतो आणि त्याचे म्हणणे खरे असते.

अशी संदिग्ध पुरवणी आधीच झाली असेल, तर पहिले देयक देण्यापूर्वी दोन्ही पक्षांच्या सह्यांचे स्पष्टीकरणपत्र करून कामांची यादी निश्चित करावी आणि तिला सक्षम मंजुरी घ्यावी. देयक दिल्यानंतर हाच मुद्दा वादाचा होतो.

जमिनीच्या किमतीवर सल्लागाराचे शुल्क मोजणे

मूळ करारनाम्यात शुल्क बहुधा “प्रकल्प खर्चाच्या टक्केवारीत” असते. पुरवणी करताना “मूळ करारातील इतर अटी कायम राहतील” असे एक वाक्य लिहिले जाते आणि सुधारित प्रकल्प खर्चात जमिनीचा मोबदला मिसळला जातो. समजा, काम २० कोटींचे आहे आणि शुल्क अडीच टक्के आहे. म्हणजे शुल्क ५० लाख. त्यात १२ कोटींचा मोबदला मिळवला की तेच शुल्क, एकही नवा नकाशा न काढता, ८० लाख होते. शिवाय २०१३ च्या अधिनियमानुसार बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यायची असते, म्हणजे जमीन जितकी महाग तितका सल्लागाराचा लाभ मोठा. मूल्यांकनासाठी माहिती गोळा करणाऱ्या माणसाचा फायदा मूल्यांकन वाढण्यात असणे, ही रचनाच चुकीची आहे, मग तो माणूस कितीही प्रामाणिक असो.

म्हणून भूसंपादन सहाय्याचे शुल्क वेगळे, ठोक किंवा नगनिहाय ठरवावे, आणि मूळ टक्केवारीच्या आधारातून जमीन, बांधकामांचा मोबदला, वीजवाहिन्या व जलवाहिन्या हलवण्याचा खर्च वगळल्याचे स्पष्ट लिहावे. सल्लागाराने किंवा त्याच्या मूल्यांककाने त्याच रस्त्यावरील कोणत्याही जमीनधारकाचे काम घेऊ नये, ही अटही याच ठिकाणी यावी.

गट मोजणे आणि माणसे विसरणे

नगनिहाय दर ठरवताना “प्रति गट” असा दर लावण्याची पद्धत आहे. ग्रामीण रस्त्याला ती चालत असेल. सांगलीत ती फसते, आणि त्याचे कारण गुंठेवारी आहे. सांगली, मिरज आणि कुपवाडच्या उपनगरांत शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून साठेखतावर किंवा साध्या मुद्रांक कागदावर विकले गेले. सातबारावर आजही मूळ शेतकऱ्याचे, कधी त्याच्या मयत वडिलांचे नाव असते, आणि जागेवर चाळीस कुटुंबे घरे बांधून राहत असतात. गुंठेवारी विकास अधिनियम २००१ चा. २०२१ मधील दुरुस्तीने नियमितीकरणाची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. त्यामुळे एकाच गटात नियमित झालेले, अर्ज प्रलंबित असलेले आणि कधीच अर्ज न केलेले असे तिन्ही प्रकारचे धारक शेजारी शेजारी सापडतात.

करारात “१४ गट” लिहिले आणि जागेवर २६० धारक निघाले, की सल्लागार एकतर काम अर्धवट सोडतो किंवा फक्त सातबारावरील नावांची यादी देऊन मोकळा होतो. दुसरी गोष्ट अधिक वाईट आहे. भूसंपादन कायद्यातील हितसंबंधित व्यक्तीची व्याख्या व्यापक आहे. जो मोबदल्यात हक्क सांगतो त्याला नोटीस मिळाली पाहिजे. ज्याने पंचवीस वर्षे घरपट्टी भरली त्याचे नाव यादीत नसेल आणि मोबदला गावाबाहेर राहणाऱ्या मूळ खातेदाराच्या वारसांना गेला, तर तो माणूस न्यायालयात गेल्याशिवाय राहणार नाही, आणि त्याने जाऊ नये असे कोणीही म्हणू शकणार नाही.

यावर उपाय असा की दर “प्रति धारक” ठरवावा, पुरवणीपूर्वी घरपट्टीच्या नोंदवहीवरून धारकांची ढोबळ संख्या काढावी, आणि प्रत्यक्ष संख्या त्यापेक्षा ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्यास दर व मुदत कशी बदलेल तेही लिहावे. यादीत प्रत्येक धारकापुढे त्याच्या हक्काचा कागद कोणता, याचा रकाना असावा. गावठाणात प्रश्न वेगळा असतो. तिथे मिळकत पत्रिका आहे, पण दोन-तीन पिढ्यांची वारस नोंद नाही. सांगली आणि मिरज दोन्ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४८ पर्यंतच्या संस्थानी काळातील इनाम, देवस्थान किंवा वतनाची नोंद सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात शिल्लक असेल, तर ती जमीन साध्या खरेदीखताने घेता येईल असे गृहीत धरू नये. अशा जमिनींसाठी कागद शोधण्याचे काम वेगळ्या दराने दाखवावे.

मुदत संपलेल्या करारात दुरुस्ती करणे

हे ऐकायला विचित्र वाटते, पण घडते. मूळ कराराची मुदत मार्चमध्ये संपलेली असते, पुरवणीवर सह्या जुलैमध्ये होतात, आणि मधल्या चार महिन्यांत सल्लागाराने काम केलेले असते. जो करार संपला तो वाढवता येत नाही. आधी त्याची मुदतवाढ मंजूर झालेली असली पाहिजे. क्रम असा ठेवावा: मुदतवाढ, तांत्रिक विभागाची कारणांसह टिपणी, लेखा विभागाचे तरतुदीबाबत अभिप्राय, स्थायी समितीची किंवा प्रशासक असल्यास त्यांच्या ठरावाची मंजुरी, त्यानंतर महानगरपालिका अधिनियमातील कलम ७३ व ७४ ला धरून सह्या, आणि शेवटी सुधारित कार्यादेश. बँक गॅरंटीची मुदत व रक्कम त्याच दिवशी वाढवून घ्यावी, कारण नंतर ती कोणी वाढवत नाही.

पुरवण्यांना क्रमांक द्यावा आणि प्रत्येकीत मूळ शुल्क, आधीच्या पुरवण्यांची बेरीज आणि या पुरवणीची रक्कम अशा तीन ओळी असाव्यात. एकूण वाढ मूळ रकमेच्या तुलनेत मोठी होत असेल, तर भूसंपादन सहाय्यासाठी स्वतंत्र निविदा का काढली नाही याचे कारण नस्तीत (कार्यालयीन फाइलमध्ये) आधीच असले पाहिजे. आक्षेप आल्यावर लिहिलेले कारण कोणाला पटत नाही.

वस्तू व सेवा कराबाबत एक ओळ पुरेशी आहे, पण ती हवीच: दर करासह आहे की कराशिवाय. रस्ते हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील विषय असल्याने महापालिकेला दिलेल्या निव्वळ सेवांना २०१७ पासून करमाफीची तरतूद आहे. ती लागू होते का हे लेखा विभागाकडून सहीपूर्वीच लेखी घ्यावे.

कायद्यातील मुदती आणि कृष्णेचे पाणी वेळापत्रकात न धरणे

पुरवणीत “सहा महिने” असे लिहिण्यापूर्वी कॅलेंडर समोर ठेवावे. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले. सखल भागात जुलै ते सप्टेंबर मोजणीची तारीख लावली तर ती पुढे ढकलली जाणार, आणि काळ्या रानात पावसाळ्यानंतरही काही आठवडे हद्दीच्या खुणा धड रोवता येत नाहीत. मोजणीची कामे नोव्हेंबर ते मे या काळात बसवावीत.

कायद्याच्या मुदती तर कोणासाठी थांबत नाहीत. २०१३ च्या अधिनियमात प्राथमिक अधिसूचनेपासून बारा महिन्यांत घोषणा आणि घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा अपेक्षित आहे, नाहीतर केलेले काम व्यपगत (रद्दबातल) होते. बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के वाढीव रक्कमही देय असते. म्हणजे एक कोटीच्या मूल्यामागे दरमहा एक लाख. सल्लागाराने क्षेत्राचे विवरण तीन महिने उशिरा दिले, तर महापालिकेला किती भुर्दंड बसेल हे यावरून कळते, आणि विलंबासाठी दंडाची अट ठेवताना तेच प्रमाण डोळ्यांसमोर असावे.

याच संदर्भात नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस विसरली जाते. अंतिम विकास योजना लागू होऊन दहा वर्षे झाली असतील, तर मालक खरेदी सूचना (ही जमीन आता संपादित करा, अशी नोटीस) देऊ शकतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यापुढे २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा तशी पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. केवळ प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या जमिनींवर अशी नोटीस आलेली आहे त्यांची यादी पुरवणीला जोडावी आणि त्या जमिनींचे काम सल्लागाराने सर्वांत आधी करायचे अशी अट घालावी. नोटिशीची मुदत सरत आली असेल, तर त्या एका जमिनीसाठी वेगळा प्रस्ताव करावा. सगळ्या रस्त्याचा एकत्र प्रस्ताव तयार होण्याची वाट पाहू नये.

ड्रोनच्या नकाशावर क्षेत्र कायम करणे

ड्रोनचे सर्वेक्षण संकल्पचित्रासाठी उत्तम आहे, पण मोबदला ठरतो तो भूमि अभिलेखच्या मोजणीवर. दोन्हींत फरक येणारच. फरक आल्यास सल्लागाराने विवरण व नकाशा एकदा विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा, हे करारात असावे. संयुक्त मोजणीनंतर आखणीत बदल करायचा झाल्यास कार्यकारी अभियंता आणि नगररचना विभाग यांची लेखी संमती लागेल असेही लिहावे, कारण अर्धा मीटर आखणी सरकली तरी बाधितांची यादी बदलते, आणि विकास योजनेच्या रेषेबाहेर गेली तर कलम ३७ खालील फेरबदलाची वेगळी प्रक्रिया लागू शकते. विकास योजनेचा रस्ता आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० नुसार ठरवलेली रस्त्याची नियमित रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरवणीत कोणती रेषा गृहीत धरली आहे ते नाव घेऊन लिहावे. सर्व नकाशे आणि याद्या दुरुस्त करता येतील अशा संगणकीय स्वरूपात महापालिकेच्या मालकीच्या राहतील, ही अट राहून गेल्यामुळे सल्लागार बदलल्यावर सगळी मोजणी पुन्हा नकाशावर बसवावी लागल्याचे एक प्रकरण मी पाहिले आहे, आणि त्यात जमीनधारकांची दोन वर्षे गेली.

शेवटचे देयक निवाड्यावर सोडणे

निवाडा झाला, रक्कम वाटली गेली, ताबा पावती झाली, रस्ता झाला, तरी सातबारावर आणि मिळकत पत्रिकेवर जुनेच नाव राहते. काही वर्षांनी तीच जमीन वारसांच्या वाटणीत येते, तिच्यावर बँकेचा बोजा चढतो, आणि रस्ता रुंद करायच्या वेळी महापालिकेला स्वतःच्याच जागेचा पुरावा शोधावा लागतो. म्हणून पुरवणीतील देयकांचे टप्पे बाधित क्षेत्राचे विवरण, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि त्रुटीविना स्वीकारला गेलेला प्रस्ताव असे पडताळता येणाऱ्या कागदांना जोडावेत, आणि किमान दहा टक्के रक्कम राखून ठेवावी. कमी-जास्त पत्रक (संपादनानंतर जमिनीच्या नोंदीतील क्षेत्र दुरुस्त करणारे भूमि अभिलेखचे पत्रक) मंजूर करणे सल्लागाराच्या हातात नसले तरी त्यासाठीचा अर्ज, नकाशे आणि पाठपुरावा त्याच्या हातात आहे. ही राखून ठेवलेली रक्कम प्रत्येक धारकाबाबतचा परिपूर्ण अर्ज भूमि अभिलेख कार्यालयात दाखल झाल्याची पोच मिळाल्यावर अर्धी द्यावी, आणि उरलेली अर्धी महापालिकेचे नाव लागलेले उतारे नस्तीत आल्यावर.