तारे बघायला जागा कशी शोधायची?

आधी अंधार बघा, बाकी सगळं नंतर. बॉर्टल स्केलवर (आकाश किती अंधारं आहे ते मोजायची पट्टी) १ म्हणजे गडद काळोख आणि ९ म्हणजे भर शहर, आकाशगंगा नीट बघायची तर ४ किंवा त्याखालची जागा शोधा. शहराचा उजेड जिकडे, तिकडचं आकाश गेलंच समजा, म्हणून जे बघायचंय ते उलट बाजूला येईल असं बघा. समोर एक जरी दिवा असला तरी वाट लागते, कारण डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, मोबाईल बघितला की परत पहिल्यापासून! टॉर्च लाल उजेडाचीच घ्या. टेलिस्कोप असेल तर काँक्रीट, डांबर नको, दिवसभर तापलेल्या जमिनीतून गरम हवा वर येत राहते आणि ग्रह थरथरताना दिसतात, त्यापेक्षा गवत कधीही बरं. जागा दिवसा एकदा बघून याच.