रिटर्न भरताना या चुका टाळा: आईचं भाडं, बायकोची एफडी आणि मांजरीची जमीन

जुलै लागला की नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात पिशव्या यायला लागतात. साडीच्या दुकानाची पिशवी, आत पासबुकं, विम्याच्या पावत्या आणि हमखास एखादं चुकून आलेलं लाइटबिल. बेरजेत आता कोणी चुकत नाही, ती पोर्टलच करतं. माणसं चुकतात ती "आमच्या ऑफिसात सगळे असंच करतात" या वाक्यावर विसंबून.

भाड्याचंच घ्या. मुलगा हिंजवडीत नोकरीला, राहायला कोथरूडला, आईच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये. आईला भाडं देऊन घरभाडे भत्त्यावर सूट घ्यायला कायद्याची हरकत नाही. पण अशाच एका पिशवीतून माझ्या टेबलावर बारा भाडेपावत्या आल्या. बाराही एकाच निळ्या पेनाने लिहिलेल्या, रेव्हेन्यू स्टॅम्प एकाच ओळीतून फाडलेले, आणि आईची सही मुलाच्या अक्षरात. महिना 25,000, वर्षाचे 3 लाख. आईच्या खात्यात मात्र रुपयाही नाही. "घरातल्या घरात कशाला ट्रान्सफर करायचं?" असं त्याचं म्हणणं.

करायचं ते भाडं खरंच दिल्याचा पुरावा राहावा यासाठी. साधा भाडेकरार करा आणि भाडं दरमहा बँकेतून जाऊ द्या. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असेल तर कंपनीला आईचा पॅन द्यावा लागतो, आणि पॅन दिला की ते उत्पन्न तिच्या रिटर्नमध्ये दिसायलाच हवं. तिने भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्यातले 30 टक्के वजा होतात. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर तिला कर शून्यच येतो, मग लपवायचं काय? फ्लॅटवर मुलाचंही नाव असेल तर मात्र हा बेत सोडून द्या.

आणखी एक. शहरात मेट्रो धावत असली तरी 2025-26 च्या घरभाडे भत्त्यासाठी पुणे 'मेट्रो' नाही. मूळ पगाराच्या 50 टक्क्यांचा हिशेब मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईचा, आपले 40. शिवाय ही सूट जुन्या कर प्रणालीतच मिळते. मुदतीनंतर रिटर्न भरलं तर नवी प्रणाली आपोआप गळ्यात पडते आणि सगळ्या पावत्या वाया जातात.

बायकोच्या नावावरच्या एफडीत तर चांगले शिकलेलेही फसतात. नवऱ्याने बायकोला 10 लाख भेट दिले तर त्या भेटीवर कर नाही, पण त्यातून केलेल्या एफडीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्या व्याजावर पुढे मिळालेलं व्याज मात्र तिचं. फॉर्म 15जी भरून टीडीएस थांबवला म्हणजे व्याज करमुक्त झालं, हा गैरसमज वेगळाच. बँक ते व्याज कळवते आणि ते एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या पत्रकात, दिसतं. रिटर्न भरण्याआधी एआयएस उघडून बघा. जॉइंट एफडीचं सगळं व्याज तिथे बहुधा पहिल्या नावावर पडलेलं असतं.

पुण्यात सगळ्यात महाग पडणारी चूक जमिनीची. सातबाऱ्यावर शेती, वावरात ऊस उभा, म्हणून विक्रीवर कर नाही असं घरातल्या सगळ्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं. ही सवलत फक्त ग्रामीण शेतजमिनीला आहे. जून 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, त्यात मांजरी बुद्रुक, वाघोली, नऱ्हे, नांदेड आली. तिथली जमीन करासाठी शहरातलीच, पीक काहीही असो. एवढंच नाही, 10 लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत 8 किलोमीटरपर्यंतची जमीनही ग्रामीण धरत नाहीत. हद्द सरकली तशी ही रेषाही सरकली, आणि ते सौदा झाल्यावर कळतं.

म्हणून विसार घेण्याआधीच विचारा. जमीन आजोबांच्या वेळची असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत मूल्यांककाकडून काढून घ्या. खरेदीची किंमत शून्य धरून बसलेले लोक मी पाहिलेत. 23 जुलै 2024 आधी घेतलेल्या जमिनीला 12.5 टक्के किंवा इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवणं) धरून 20 टक्के, जे कमी पडेल ते चालतं. विक्रीआधी दोन वर्षं तुम्ही किंवा आईवडिलांनी ती कसली असेल, तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन नफ्यावरचा कर वाचवता येतो. तोवर पैसे साध्या बचत खात्यात पडून राहू देऊ नका. रिटर्नच्या मुदतीआधी ते बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात (अशा नफ्यासाठीच्या खास खात्यात) टाकावे लागतात.

दुकानदारांसाठी थोडक्यात. क्यूआर कोड आईच्या बचत खात्याचा लावला तर विक्रीच्या रकमा तिच्या नावावर जमा होतात. करंट खातं उघडा. 44एडी या छोट्या धंद्यांच्या अंदाजे नफ्याच्या कलमाखाली डिजिटल विक्रीवर किमान 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा दाखवायचा. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवा. कमिशन एजंट आणि दलालांना हे कलम लागूच नाही. आणि 15 मार्चपर्यंतचा आगाऊ कर बरेच जण विसरतात.

रिफंड अडकला तर आधी साध्या गोष्टी बघा. 30 दिवसांत ई-व्हेरिफाय केलं होतं का? बँक विलीन होऊन आयएफएससी बदलला का? पॅनवर माहेरचं नाव आणि खात्यावर सासरचं, असं तर नाही ना? "रिफंड वाढवून देतो, मला टक्का द्या" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी तर मुळीच लागू नका. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींसाठी देशभर 150 ठिकाणी कारवाई केली. तिथे रिटर्न ज्याच्या नावाचं, उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

जुनी चूक स्वतःहून दुरुस्त करायला अपडेटेड रिटर्न आहे. पहिल्या वर्षी कर आणि व्याजावर 25 टक्के जादा पडतात, पुढे दर चढत जातो. बारा पावत्यांच्या त्या मुलाने आधीच्या वर्षीही हेच केलं होतं, त्याने जादा रक्कम भरून ते मिटवलं. आता दर एक तारखेला आईच्या खात्यात 25,000 जातात. तक्रार एकच आहे, आई ते परत देत नाही.