बोटं आखडत असतील तर आधी सेटिंग्ज बघा

बोटं लवकर आखडत असतील तर नवा कंट्रोलर मागवण्याआधी पीएस५ (सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन ५) च्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडा. तिथे कंट्रोलरची बटणं हवी तशी बदलता येतात. माझा उजवा अंगठा पावसाळ्यात फार दुखतो, आणि रत्नागिरीत पावसाळा म्हणजे चार महिने! म्हणून उजवीकडची वारंवार लागणारी कामं मी कंट्रोलरच्या वरच्या कडेला डावीकडे असलेल्या बटणांवर नेली. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' या गेममध्ये एकच बटण भराभर दाबण्याऐवजी नुसतं धरून ठेवण्याचीही सोय आहे. दुखऱ्या हाताला याहून मोठा आराम मला माहीत नाही.

दुसरी सोय मदतनीस कंट्रोलरची. एकाच खेळाडूसाठी दोन कंट्रोलर जोडता येतात. अवघड जागी माझा भाचा शेजारी बसून गेममधल्या उड्या मारून देतो, बाकी खेळ माझाच. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवरही अशी सोय आहे. एवढ्यानेही भागलं नाही तर सोनीचा २०२३ मध्ये आलेला अ‍ॅक्सेस कंट्रोलर जरूर बघा. तो हातात धरावा लागत नाही, टेबलावर ठेवून वापरता येतो.

गुणांचं थोडक्यात: प्लेस्टेशन स्टार्स या सोनीच्या बक्षीस-गुणांच्या योजनेत आता नवे गुण मिळत नाहीत आणि जुने २ नोव्हेंबर २०२६ पर्यंतच वापरता येतात. तुमच्या खात्यात पडून असतील तर मुदतीआधी वापरून टाका.